आक्काचा धबधबा

आक्काच्या लग्नानंतरची पहिली पंचमी. तिला माहेरी आणायला मुराळी म्हणून मलाच धाडलं. मी तेव्हा साताऱ्याला कॉलेजात होतो आणि स्वतःला जरा जास्तच शहाणा समजत होतो. तिचं सासर जत भागात. श्रावण लागला तरी तिथं पाऊस नव्हता आणि गावात टँकर येत होता. आमचं गाव पलूसजवळचं, उसाचं आणि पाटाचं. पाण्यासाठी रांग लागते हे मी पेपरात वाचलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदाच बघितलं.

परतीच्या एसटीत बूड टेकतं न टेकतं तोच आक्का म्हणाली, "मला धबधबा दाव."

"आता हे काय मधीच?"

"दाव म्हन्ते न्हवं!"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्न होऊन गेल्या गेल्या टँकरच्या रांगेतल्या बायकांनी तिला विचारलं होतं, तुमच्याकडं पाणी लय, मग धबधबा बघितलायस का? नवी नवरी, त्यात माहेरचा ताठा. तिनं ठोकून दिलं, व्हय, कैकदा. आमच्या गावच्या शिवारात टेकडीसुद्धा धड नाही, हे त्या बायकांना काय ठाऊक! त्या दिवसापासून रोज रांगेत तिला धबधबा सांगावा लागत होता. किती उंचावरून पडतो, खाली उभं राहता येतं का, पाणी गार असतं का. एक म्हातारी तर वास कसा येतो म्हणून हटूनच बसली होती.

"वास म्या कुठला सांगू रं?" आक्का रडकुंडीला आली. "पार तळ गाठलाय बग मी थापांचा. एकदा खरा बघते, मंजे छातीवरचा धोंडा उतरंल. न्हाईतर मी त्या रांगंत उभी ऱ्हायची न्हाई."

मला हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं. शाळेच्या सहली सगळ्या माझ्या वाट्याला आल्या होत्या. तिला सातवीनंतर घरी बसवलं होतं. मी तिथल्या तिथं शब्द देऊन बसलो.

शब्द दिला खरा, पण दिवस कुठला काढायचा? पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणीचा भावासाठी उपवास, उपाशीपोटी आई तिला उंबऱ्याबाहेर सोडणार नाही. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी तिला सासरी पोचवायचं, असं तिच्या सासऱ्यांनी बजावूनच पाठवलं होतं. उरला पंचमीचाच दिवस. सातारा, महाबळेश्वर एका दिवसात जाऊन-येऊन जमणार नव्हतं. माझा एक मित्र होता शिराळ्याच्या पलीकडचा, अगदी जंगलाला लागून असलेल्या गावातला. त्याच्या गावातल्या दुकानात फोन होता. मी फोन केला.

"ये की गड्या," तो म्हणाला. "गावामागं रान सुरू होतंय. आत चालत गेलं की धबधबाच. सकाळच्या गाडीनं या, सांजच्या गाडीनं जावा. जळवा लय हायत, मीठ आन् तंबाखू घिऊन या."

झालं, माझ्या पायाला भिंगरी लागली. घरात एक मिनिट बसवेना. दहा वेळा अंगणात जाऊन आभाळ बघत होतो, आणि पाऊस पडला तरी जीव घाबरायचा, थांबला तरी घाबरायचा. स्टँडवर जाऊन गाड्यांची चौकशी केली. कंट्रोलर म्हणाला, "पंचमीला शिराळ्याला जादा गाड्या हायत. काय काळजी करू नगा." मी तरंगतच घरी आलो.

घरी आईनं तोफ डागली. "नागाच्या सनाला रानात जानार? वारूळ आलं मंजे पायाखाली?"

"आगं, पायवाटंनं जानार हाय आमी."

"आन् खानार काय?"

इथं घोडं अडलं. पंचमीला आमच्याकडं चुलीवर तवा चढत नाही, विळीला हात लागत नाही. म्हणजे भाकरी नाही, कांदा चिरणं नाही. आदल्या दिवशीच्या भाकरी बांधून नेऊ म्हटलं, तर सणाला शिळं खाणार का म्हणून आई उसळली. उरली उकडलेली पुरणाची दिंडं. पुरण घेऊन डोंगर चढणारी माणसं तिनं तरी कधी पाहिली नव्हती. आक्का मान खाली घालून मेंदीची पानं निवडत होती. शेवटी आमचे वडील, आबा, दारातनंच म्हणाले, "जाऊ द्या तिला. तिच्या सासरी काय धबधबा पडतोय व्हय?" पहाटे आईनंच दिंडं उकडली आणि फडक्यात बांधून दिली. आबांनी आपल्या चंचीतली तंबाखू काढून दिली.

पंचमीला आम्ही निघालो. आक्कानं नवं लुगडं नेसायचं सोडून जुनं नेसलं होतं, भिजलं तरी चालेल म्हणून. इस्लामपूरपर्यंत सगळं सुरळीत. तिथून पुढं मात्र गाडीत मुंगीला शिरायला जागा नाही. मी खूश, म्हटलं गाड्या भरपूर आहेत. शिराळ्यात उतरलो तर माणूसच माणूस. हलग्या कडाडत होत्या, नागांची मडकी घेऊन मिरवणुका चालल्या होत्या, नाग बघायला पोरं बापांच्या खांद्यावर बसली होती.

जंगलाकडच्या गाडीची चौकशी केली. "पल्याडच्या समद्या गाड्या यात्रंला लावल्यात," तिथला कंट्रोलर म्हणाला. "आता एकदम सांजच्याला."

माझं डोकंच बधिर झालं. शिराळ्याच्या पंचमीला सारा मुलूख लोटतो, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. आम्हीही ते धरूनच बेत केला होता. पण जादा गाड्या कुठून तरी काढून आणलेल्या असणार आणि शिराळ्याच्या पुढं त्या जाणार नाहीत, हे घरातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही, ना माझ्या, ना आबांच्या. जीपवाल्यांना विचारलं, मिरवणुकांमुळं रस्ता बंद. चालत जाण्याइतकं ते गाव जवळ नव्हतं. मी स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत राहिलो, कंट्रोलरला पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. त्यानं शेवटी खिडकीच लावून घेतली. मला रडायला येत होतं.

परत आलो तर आक्का एका बाईशी बोलत बसलेली. बाई त्याच पश्चिमेच्या रानातली, यात्रेला आलेली. आक्का तिला विचारत होती, "वास कसा येतोय वो?"

"शेवाळाचा, आन् कुजल्याल्या पानांचा," बाई म्हणाली. "आन् आवाज असा, का शेजारच्या मानसाचं आयकू येत न्हाई. पन आमी कशाला बघायला जातोय? पावसाळ्यात तर वाटच ऱ्हात न्हाई."

आम्ही तिथंच दिंडं खाल्ली आणि परतलो. गाडीत मी म्हटलं, "आक्का, काम झालं की. त्या बाईनं सांगितलं तेच सांग रांगंत."

"न्हाई," ती म्हणाली. "हुबं आयुष्य त्या रांगंत काढायचंय. आता खरं सांगून टाकते. हसल्या तर हसल्या."

दुसऱ्या दिवशी सासरी पोचलो तेव्हा टँकर नुकताच आला होता. आक्कानं पिशवी माझ्याकडं दिली आणि घागर घेऊन थेट रांगेत गेली. तिच्यापायी माझाच जीव टांगणीला लागला, मीही मागोमाग गेलो. बायकांनी माहेरची चौकशी सुरू केली. आक्का मध्येच म्हणाली, "बायानू, म्या धबधबा कवाच बघितला न्हाई. खोटं सांगत हुते."

आक्काचे कान लाल झाले होते. मग ती वासाबद्दल विचारणारी म्हातारी बोलली.

"आमास्नी पैल्याच दिशी कळलं हुतं, पोरी. बघितल्यालं मानूस रोज येगळा धबधबा सांगत न्हाई."

"मग इचारत का हुतासा?"

"तू सांगाय लागलीस का पाय दुखत्यालं कळत न्हाई," म्हातारी म्हणाली. "उगं खरं बोलून घोळ घातलास. सरक म्होरं, आन् सांग."

आक्कानं डोळे पुसले, पदर खोचला, घागर पुढं सरकवली आणि सांगायला लागली. गावातून एकच गाडी परत जायची, ती फाट्यावर हॉर्न देत होती. मला तो ऐकू येत होता, तरी मी तिथून हललो नाही.