इंदुताईंचे पाच तारे

प्रताप नगरातल्या एका इमारतीच्या गच्चीवर बायका कुरडया घालत बसल्या होत्या. इंदुताईंच्या हातात सोऱ्या होता, पण जीव सगळा मांडीजवळच्या मोबाईलमध्ये. किल्ला बांधायचा, सैन्य जमवायचं आणि दुसऱ्यांच्या गढ्या लुटायच्या, असा तो खेळ. इमारतीतल्या बायकांनी त्यात मिळून एक टोळी केली होती आणि टोळीची सरदारीण आज दुपारी बाराला ठरणार होती. जिचे विजय जास्त, ती सरदारीण; बरोबरी झाली तर जुनीच कायम. आजवर तो मान तळमजल्यावरच्या यमुताईंनी सोडलाच नव्हता.

हेच इंदुताईंच्या घशाखाली उतरत नव्हतं. एके काळी गणपतीच्या नाटकात त्या राणी व्हायच्या. काय तो रुबाब! त्यांनी पाऊल टाकलं की पेंगणारे म्हातारेही सावरून बसायचे. यमुताई मागे उभ्या राहून चवरी ढाळायच्या. एकुलतं एक वाक्य असायचं, तेही विसरायच्या. अशा चवरीवालीनं आता सरदारीण व्हावं?

आज दोघी बरोबरीत होत्या. इंदुताईंनी पदराला हात पुसले आणि हल्ला चढवला. सैन्य वेशीपाशी पोचलं, तोच सगळं गडप होऊन गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात नाचू लागली. बंद करायची फुली मोहरीएवढी. पुसूनही गव्हाच्या चिकानं बुळबुळीत राहिलेलं बोट फुलीशेजारी पडलं आणि तेलाचं दुकानच उघडलं. परत येईस्तोवर लढाई हातची गेली.

"मुडदा बशिवला या जाहिरातीचा! एकच तारा देला मी या खेळाले. लिहूनबी टाकलं, आधी लढू द्या, तेल मंग विका."

"एक तरी काहून देला वं काकू?" तिसऱ्या मजल्यावरची वैभवी खिदळली.

यमुताई मात्र निवांत खेळत होत्या. मध्ये तेल नाही, साबण नाही. इंदुताईंनी मान लांबवून पाहिलं.

"तुले जाहिराती काहून येत नाही वं, यमे?"

"अमोलनं पुण्याहून पैसे भरून बंद करून देल्या. म्हणे, आई, तुले कायले तरास!" यमुताईंनी हात पुढे केला. "आण तुझा फोन. त्याले सांगते, तुझ्याबी बंद करून देईल."

किल्ला राहिला बाजूला! इंदुताईंना झोंबलं ते वेगळंच. त्यांचा पियूषही पुण्यातच. त्याला सांगितलं तर म्हणाला होता, "आई, तो खेळच काढून टाक ना." आणि यमीचा पोरगा आईच्या खेळात लक्ष घालतो! यमुताईंच्या चेहऱ्यावर तर कपटाचा मागमूस नव्हता. असता तर फार बरं झालं असतं.

"काही नको," इंदुताई ताठ बसून म्हणाल्या. "मले आवडतात जाहिराती."

"माय वं! आत्ताच तं शिव्या देऊन राहिल्या होत्या काकू!"

"ते गमतीनं." आणि सगळ्यांदेखत त्यांनी एका ताऱ्याचे पाच तारे केले. मोठ्यानं वाचत लिहिलंही, 'जाहिराती फार छान. चांगली माहिती मिळते.'

आता बोललेलं निभावणं आलं. त्यांनी शेवटचा हल्ला चढवला. पुन्हा तेल आलं, फुली दिसली.

"दाबा ना काकू, टाइम चालला!"

"दाब वं इंदे, जिंकशील!" यमुताईसुद्धा ओरडल्या.

इंदुताईंनी बोट उचललं, यमुताईंकडे पाहिलं आणि बोट पुन्हा मांडीवर ठेवलं. गुडघ्याला तेल चोळणाऱ्या त्या बाईकडे त्या एकटक बघत राहिल्या, मधूनमधून पसंतीची मान डोलवत. बारा वाजून गेले.