बावीस मीटर खालचे ठोके

निवृत्तीआधीचं माझं शेवटचं पोस्टिंग अलिबागसमोरच्या समुद्रात होतं. मी नौदलात डायव्हर, हुद्दा पेटी ऑफिसर. डायव्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे निळंशार पाणी येतं. आमच्या या किनाऱ्याला पाण्यात हात पुढे धरला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत.

समुद्राच्या तळाशी बसून पाण्यातले आवाज टिपणाऱ्या एका नव्या यंत्राच्या चाचण्या चालू होत्या. यंत्र वैद्य मॅडम या शास्त्रज्ञ बाईंचं. त्या दिवसभर बोटीवर हेडफोन लावून बसत, उलट्या झाल्या तरी जागा सोडत नसत. आमचे सुपरवायझर चीफ दळवी. बोट भाड्याची होती. तिचा नाखवा वल्ह्याचं एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्याला कान लावायचा आणि खाली कुठला मासा बोलतोय ते सांगायचा. आम्ही हसायचो. मॅडम मात्र वहीत लिहून घेत.

त्या सकाळी ०९१० ला मी बावीस मीटर खाली यंत्राची केबल तपासायला उतरलो. ओहोटी संपून पाणी थांबतं, तेवढा थोडाच वेळ कामाला मिळायचा. उतरताना बाजूला वाहवलो आणि तळाशी पडलेल्या एका तुटक्या जाळ्यात अडकलो. झटापटीत मला बोटीशी जोडणारी दोरी, लाइफलाइन, तुटली. खरं सांगतो, घाबरलो. सुरीने जाळं कापेना, म्हणून तिच्याच मुठीने सिलिंडरवर ठोकत राहिलो. तीन ठोके, थांबायचं, पुन्हा तीन.

वरचं मला नंतर कळलं. हेडफोनमध्ये माशांचा नुसता गलका होता. मॅडमनी हेडफोन नाखव्याच्या कानाला लावला.

"ह्यो मासा न्हाय," तो म्हणाला. "मासा असा थांबून थांबून न्हाय बोलत. मानूस हाय."

"यंत्रापासून दिशा, बेअरिंग झिरो फोर झिरो," मॅडम म्हणाल्या.

"मी जातो," चीफ म्हणाले. "भरती लागून पाणी फिरलं की मागून कोणी उतरायचं नाही. ऑर्डर आहे."

केबल धरून ते यंत्रापर्यंत आले आणि तिथून होकायंत्रावर माझ्यापर्यंत. त्यांनी जाळं कापलं, स्वतःची लाइफलाइन सोडून माझ्या कमरेला अडकवली, वर ओढून घ्या म्हणून दोरीला चार हिसके दिले आणि मला वर ढकललं. ०९४३ ला मी बोटीवर होतो. भरती लागली होती. चीफ आले नाहीत.

मी दुसरा सिलिंडर चढवायला लागलो.

"कुठे उतरणार? पाणी फिरलंय, ते तिथेच असतील कशावरून?" मॅडम म्हणाल्या. "ठोका येऊ दे. दिशा देते."

ठोका आला नाही. पाणी पुन्हा थांबल्यावर, १५४५ ला, चीफ त्याच जाळ्यात अडकलेले सापडले. सुरी हातात होती.

पुढे मॅडमनी त्या दिवसाचं रेकॉर्डिंग माशांचा आवाज गाळून पुन्हा ऐकलं. मी वर आल्यानंतरही अकरा मिनिटं चीफचा श्वास ऐकू येत होता, संथ. ठोका एकही नव्हता. ठोका वाजला असता तर दिशा मिळाली असती आणि ऑर्डर मोडून मी फिरलेल्या पाण्यात उतरलो असतो. चीफ मला ओळखून होते. त्या रेकॉर्डिंगवरून मॅडमनी पुढचं यंत्र बनवलं. ते माशांच्या गलक्यातही माणसाचा श्वास ओळखतं. अशा माणसांबरोबर नोकरी झाली, याचा मला अभिमान आहे.

हे सांगायला मी बोर्ली पंचतनजवळ चीफच्या घरी गेलो. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"घरात पन कधी हाक न्हाय मारली त्यांनी," त्या म्हणाल्या. "पान्याचा तांब्या सुदीक उठून घ्यायचे."