नलूवहिनींची जागा

आमच्या कॉलनीच्या कॅरम लीगच्या उद्घाटनाला यंदा दारातच मोठा फ्लेक्स लावला होता. वर समितीतल्या पुरुषांचे हसरे चेहरे आणि खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढ्या, नलूवहिनी. 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही अक्षरं अध्यक्षांच्या मिशीखाली आली होती.

वहिनी गणपतीनंतर गेल्या. त्या होत्या तोवर दर रविवारी हॉल झाडणं, बोर्ड मांडणं, चहा करणं, खेळाडूंची भांडणं मिटवणं सगळं त्याच करायच्या. समिती फक्त बक्षिसं वाटायला यायची. एकदा वहिनी म्हणाल्या, "बायकांचेही सामने ठेवू या ना. मलाही खेळायचंय." हेच अध्यक्ष तेव्हा म्हणाले होते, "तुम्ही खेळायला बसलात तर चहा कोण करणार?" सगळे हसले. वहिनीही हसल्या, आणि त्यांच्या त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

"वहिनी आमच्या लीगचा कणा होत्या," अध्यक्ष माइकवर म्हणाले आणि गळा दाटल्यासारखं करून पाणी प्यायले. गेलेल्या माणसाला मोठं म्हणणं किती स्वस्त असतं! जिवंतपणी त्याला नुसतं खेळू द्यायचं, तर यांच्या जिवावर येतं.

भाषणं संपली. बोर्ड भिंतीला टेकलेलेच होते, फरशीवर धूळ होती. समिती एकमेकांकडे बघत राहिली. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले, "ताई, वहिनींच्या जागी आता तुम्हीच!"

"चालेल," मी म्हटलं, "खेळाडूंत माझं नाव घाला. त्यांना तीच जागा हवी होती."

कोणी हसलं नाही. मी एक बोर्ड ओढला आणि शेजारच्या काकूंना समोर बसवलं. सोंगट्या मांडल्या आणि पहिला स्ट्रायकर मीच मारला.