पोलादी गोळ्यावरचा टिळा

कुलदीप चहाचा कप कानाला धरत नाही, कडेला धरतो. मशीनमध्ये आकडा टाकला की आधी तो मोठ्यानं म्हणतो, मगच बटण दाबतो. ‘मायनस’ म्हणत नाही, ‘उणे’ म्हणतो. बोलता बोलता तळहात तिरपा करून फिरवतो, समोरच्याला कळो न कळो. जेवणाच्या सुट्टीत घरी फोन लावतो आणि मुलीला एकच विचारतो, काय खाल्लं? छकुली रोज पोळीच सांगते. तो रोज नवं काही ऐकल्यासारखं ऐकतो.

मलकापूरच्या एमआयडीसीत अनंतकाकांचं वर्कशॉप आहे. कापसाच्या जिनिंगच्या मशीनचे सुटे भाग तिथं बनतात. मी तिथं पत्रं आणि कोटेशनं लिहितो. मराठीत एम.ए. केल्यावर घराजवळ मिळालेलं काम हे एवढंच. कुलदीप आमच्या मोताळ्याच्या गल्लीतला, माझ्याहून काही वर्षांनी मोठा. आधी तो चाकणच्या एका कारखान्यात होता. बायको सुचिता मोताळ्याला शाळेत शिकवते. छकुली बसायला लागली, चालायला लागली, ते त्यानं फोनवर पाहिलं. एका दिवाळीत तो घरी आला तेव्हा ती सुचिताच्या मागं लपली आणि त्याला काका म्हणाली.

पुढच्या पावसाळ्यात अनंतकाकांनी एक जुनं फाइव्ह-अॅक्सिस मिलिंग मशीन घेतलं आणि कुलदीपला बोलावलं. एका पंप कारखान्याला पंपाच्या आत फिरणारं पात्यांचं चाक हवं होतं. काकांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. नमुना पास झाला तर मशीन राहील, नाही तर विकून टाकीन. बाकीची मशीनं साधी होती. हे गेलं तर कुलदीपला इथं काम नव्हतं. म्हणजे पुन्हा चाकण.

हे मशीन नेमकं काय करतं, असं मी त्याला एकदा विचारलं. साध्या मशीनवर फक्त कटर फिरतो, यावर जॉब, म्हणजे कापायचा तुकडासुद्धा वाकतो आणि फिरतो, असं त्यानं तळहातानं दाखवलं. कटरनं कुठून जायचं ती सगळी वाट आधी लिहून द्यावी लागते.

“त्याले काही दिसत नाही बे,” तो म्हणाला. “अंधारात माणसाले घर सांगतो ना आपण, तसं सांगा लागते. किती चालाचं, कुठं वळाचं. अन् निघाचं कुठून हेच चुकलं, तर बाकी सगळं बरोबर असून माणूस भिंतीवर जाते.”

निघायची ती जागा म्हणजे ऑफसेट. ती शोधायला मशीनच्या टेबलावर एक छोटा पोलादी गोळा बसवलेला असतो. मशीन एका बारीक काडीनं त्याला चारी बाजूंनी आणि वरून स्पर्श करतं. त्यावरून टेबल नक्की कुठल्या बिंदूभोवती फिरतं ते कळतं.

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये मशीनांची पूजा असते. पूजेचा टिळा पुसायचा नाही, तेलापाण्यानं आपोआप जाऊ द्यायचा, अशी आमच्याकडची रीत. त्या दिवशी सुचिता छकुलीला घेऊन आली होती. सगळे मशीनच्या दाराला हळदकुंकू लावत होते. कुलदीपनं छकुलीला उचलून आत धरलं. तिनं सगळ्यात चकचकीत वस्तू निवडली. ओल्या हळदकुंकवाचा अंगठा तिनं त्या गोळ्यावर दाबला आणि खाली ओढला. मालकीणबाईनं बरोब्बर जागा हेरली, असं काका म्हणाले. सगळे हसले.

दसरा झाल्यावर कुलदीपनं गोळ्यावर कोरडं फडकं एकदा फिरवलं. लाल रंग गेला. घासून पुसणं त्याला जिवावर आलं. मग त्यानं मशीनचं मोजमाप घेतलं आणि पहिला नमुना कापला.

एका बाजूची पाती जाड आली, समोरची बारीक. फरक डोळ्यांना दिसणारा नव्हता, पण नापास होण्यापुरता होता. कुलदीपनं स्वतःच्या प्रोग्रामवर संशय घेतला. कटरची सगळी वाट त्यानं पहिल्यापासून तपासली. गोळाही पुन्हा मोजला. आकडा तोच आला. दोनदा तेच उत्तर आलं, म्हणून त्यानं ते खरं धरलं. दुसरा नमुना तसाच निघाला. कारखान्याचा माणूस चहा न घेता गेला आणि काम दुसरीकडे दिलं. काकांनी आठवड्याभरात मशीनला गिऱ्हाईक पाहिलं आणि पैसेही घेतले.

मशीन न्यायला ट्रेलर येणार होता, त्या सकाळी कुलदीप ते साफ करत होता. घेणाऱ्याला स्वच्छ द्यायचं म्हणून त्यानं स्पिरिटच्या फडक्यानं दारावरचे टिळे पुसले. मग गोळा पुसला. फडक्यावर पिवळं उतरलं.

त्यानं फडकं उजेडात धरलं. हळद होती. मग त्यानं काडी लावून गोळा मोजला. आकडा बदलला होता. केसाच्या जाडीहूनही कमी, पण बदलला होता. ॲल्युमिनियमचा एक ठोकळा शिल्लक होता. तो त्यानं टेबलावर बांधला, पहिलाच प्रोग्राम लावला आणि मशीन सुरू केलं.

ट्रेलरची माणसं बाहेर चहा पीत बसली. चाकाला सात पाती होती. एकेक मोकळं होत गेलं. पाचवं झाल्यावर त्यानं मशीन थांबवून मायक्रोमीटर लावला. पाचही बरोबर होती.

काका आत आले. कुलदीपनं त्यांना फडकं दाखवलं.

“म्हणजे पोरीच्या टिळ्यानं मशीन गेलं म्हणतं का?” काका म्हणाले.

“टिळा तिनं लावला, काका. पुसाचं काम माह्यं होतं.”

काकांनी दारातून ट्रेलरकडे पाहिलं. मग म्हणाले, ट्रेलरवाले थांबतील, राहिलेली दोन होऊ दे.

“कोणाले दाखवाचं?” कुलदीप म्हणाला. त्यानं कटर वर घेतला, जॉब सोडला आणि मेन स्विच बंद केला.

 त्यानं टेबल जागेवर लॉक केलं आणि पट्टे बांधणाऱ्यांना दोर कुठं लावायचा नाही ते सांगायला लागला. मी दारात उभा होतो. त्यांना वाट द्यायला बाजूला झालो.

सोमवारच्या गाडीनं तो चाकणला गेला. छकुली स्टँडवर आली होती. ती आता त्याला काका म्हणत नाही.

ते चाक वर्कशॉपच्या टेबलावर पडून आहे. पाच पाती मोकळी झाली आहेत. उरलेली दोन अजून ठोकळ्यातच आहेत.