कोण आहे रे तिकडे?

“भाऊ, याले आइकूच येत नाई,” कौसाबाई म्हणाल्या.

मी खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे बघितलं. वाटलं, बाई नवऱ्याच्या कानाचं दुखणं सांगताहेत. पण नवऱ्याला त्या ‘यायले’ म्हणायच्या, मानानं. ‘याले’ म्हणजे भिंतीवरचा टीव्ही. हा फरक ध्यानात यायला मला जरा वेळ लागला. मी चंद्रपुरातल्या मोहल्ल्यात वाढलेला, आणि त्या दिवशी सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

मी एका टीव्ही कंपनीचा सर्व्हिस इंजिनियर. इंजिनियर हे कार्डावर. खरं म्हणजे आयटीआय केलेला मेकॅनिक. मुक्काम गडचिरोलीला, आणि आरमोरीपासून अहेरीपर्यंतचे सगळे कॉल माझ्या डोक्यावर. कॉल म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार. ती कंपनीच्या ॲपवर येते, मी बाइकला किक मारतो, आणि काम झालं की ॲपवरच तो कॉल ‘क्लोज’ करतो. क्लोज न झालेला कॉल म्हणजे साहेबाचा फोन आलाच समजा.

हा कॉल चामोर्शीच्या आतल्या अंगाला, तळ्याकाठच्या एका गावातला होता. पोळा नुकताच झाला होता. तक्रार होती: ‘व्हॉइस नॉट वर्किंग’.

घर मासेमारी करणाऱ्यांचं. ओसरीत जाळी टांगलेली, आत एक खोली, आणि त्या खोलीत भिंतभर टीव्ही. गावोगाव हेच बघतो मी. छपरावर मातीचे कवेलू, आणि खाली थेटरएवढा स्क्रीन. लोक नावं ठेवतात, पण मी नाही ठेवत. बाहेर जायला ज्याला जागा नाही त्यानं घरात मोठी खिडकी घेतली तर काय बिघडलं?

या घरात टीव्ही घ्यायला कारणही होतं. खाटेवरचे डोमाजी भोयर यांना लकवा झाला होता. उजवं अंग गेलेलं. डाव्या हाताला थरथर, रिमोट धरला की एकदम तीन बटणं दाबली जायची. मुलगा रितेश गडचांदूरला सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. कौसाबाई दिवसभर लोकांच्या धानाच्या बांध्यांमध्ये निंदणाला. म्हणजे म्हातारा सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा, छताकडे बघत पडलेला. रितेशनं सेलमध्ये जाहिरात बघितली. रिमोट लागत नाही, नुसतं बोला, टीव्ही लांबून ऐकतो. त्यानं घरात वायफायचा डबाही बसवून घेतला. बाबांनी निदान एक तरी गोष्ट कोणाला न विचारता करावी, एवढंच त्याचं म्हणणं.

“बोलून दाखवा बरं,” मी कौसाबाईंना म्हणालो.

“हॅलो टीव्ही,” त्या म्हणाल्या. “आवाज वाढव जो!”

टीव्हीनं वडे तळायचे व्हिडिओ लावले.

मला हसू आलं. पण हे नेहमीचंच आहे. टीव्हीला मराठी येतं असं खोक्यावर छापलेलं असतं, पण ते पुस्तकातलं मराठी. आमच्याकडचं बोलणं कानावर पडलं की त्याची भंबेरी उडते. मी साध्या छापील भाषेत ‘आवाज वाढव’ म्हणालो आणि आवाज वाढला.

मग डोमाजींची पाळी. त्यांनी “हॅलो” म्हटलं आणि मी चमकलो. असा खणखणीत हॅलो! “टीव्ही”सुद्धा बऱ्यापैकी आलं. पण पुढे गाडी अडली. तोंड हललं, मानेच्या शिरा ताणल्या, आणि बाहेर आलं नुसतं “त... ता... त...”

“माफ करा, मला समजलं नाही. पुन्हा सांगा,” टीव्ही म्हणाला.

डोमाजींनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा माफ करा. आणखी एकदा. पुन्हा तेच. मी मध्ये पडणार, एवढ्यात म्हातारा खाटेवर अर्धा उठला आणि गरजला, “खामोश!”

टीव्हीच्या स्क्रीनवर शब्द उमटला: खामोश. काना, मात्रा, सगळं बरोबर.

मी कौसाबाईंकडे बघितलं. त्यांना काहीच नवल वाटलं नव्हतं.

“ते नाटकातलं हाय, भाऊ,” त्या म्हणाल्या. “हे झाडीपट्टीत राजाचं काम करत होते. नाटकातलं येते यायले. बाकी काईच नाई येत. पानी मांगाचं असन तरी ‘प्रधानजी’ म्हनते.”

गडचिरोलीच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, मेंदूत बोलणं तयार होतं ती जागाच सुकली आहे. पण वर्षानुवर्षं तोंडपाठ केलेलं कधीकधी वाचतं. डोमाजींचं वाचलं होतं ते हेच. दिवाळीनंतर सुरू होणारा झाडीपट्टीतल्या नाटकांचा सीझन, गावोगावचे मांडव, आणि माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा राजाचा आवाज. तो ‘हॅलो’सुद्धा माईक टेस्टिंगचा होता.

मी ओसरीत येऊन नागपूरला आमच्या एरिया मॅनेजरला फोन लावला.

“सर, पीस ओके आहे. पण कस्टमरला लकवा आहे. रिटर्न घेता येईल का?”

“टीव्ही बोलतो?”

“बोलतो.”

“ऐकतो?”

“माझं ऐकतो.”

“मग एनएफएफ मार आणि अहेरीचा कॉल बघ. पेंडिंग आहे तो.”

एनएफएफ म्हणजे नो फॉल्ट फाउंड. टीव्हीत दोष सापडला नाही. हे एकदा मारलं की टीव्ही परत जात नाही आणि गिऱ्हाइकाचा विषय संपतो.

मग रितेशचा फोन आला. मागे कारखान्याची घरघर. “भाऊ, काहीतरी करा ना जी. माय कामाले जाते, बाबा एकलेच राह्यते. मी काऊन घेतला मंग हा टीव्ही?”

मी आत गेलो तर डोमाजी टीव्हीकडे बघत होते. स्क्रीनवर अजून वडे तळले जात होते. एवढा हताश चेहरा मी कुठल्या गिऱ्हाइकाचा बघितला नव्हता, आणि मी पॅनल जळालेली गिऱ्हाइकं बरीच बघितलीत.

तेव्हा मला त्या टीव्हीतली एक सोय आठवली. शॉर्टकट म्हणतात तिला. आपण आपलं एखादं वाक्य ठरवायचं आणि ते म्हटल्यावर काय व्हावं हे टीव्हीच्या ॲपमध्ये लिहून ठेवायचं. कोणी वापरत नाही. ट्रेनिंगमध्ये आम्हाला एक स्लाइड दाखवली होती, त्या वेळी मी बहुतेक समोसा खात होतो.

“कौसाबाई, राजाची रोजची वाक्यं कोणती?”

“पयलं तं, ‘कोण आहे रे तिकडे?’” त्या लगेच म्हणाल्या. “पडदा उघडला का हेच.”

टीव्हीचं खातं रितेशच्या मोबाइलवर होतं. मी सांगत गेलो, तो कारखान्याच्या गेटवर उभा राहून टाइप करत गेला. ‘कोण आहे रे तिकडे’ म्हटलं की चित्र सुरू. ‘खामोश’ म्हणजे आवाज बंद. ‘पुढे चला प्रधानजी’ म्हणजे पुढचा कार्यक्रम. ‘चालते व्हा’ म्हणजे टीव्ही बंद.

मी टीव्ही बंद केला. “आता म्हणा, डोमाजी.”

म्हाताऱ्यानं माझ्याकडे संशयानं बघितलं. मग छाती भरून घेतली. “हॅलो टीव्ही. कोण आहे रे तिकडे?”

टीव्ही लागला.

डोमाजींनी पुन्हा श्वास घेतला. “हॅलो टीव्ही. चालते व्हा!” टीव्ही बंद. पुन्हा चालू. पुन्हा बंद. लहान मूल लाइटच्या बटणाशी खेळतं तसं कितीतरी वेळ चाललं होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात उचलायचंही त्यांना सुचलं नाही. कौसाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला फार बरं वाटलं. या धंद्यात असं बरं वाटायचे प्रसंग कमी येतात.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. तळ्यातले मासे आणि भात. मी जेवत असताना डोमाजी पिक्चर बघत होते. तो साउथचा डब केलेला, लोखंडी पंजावाल्या हीरोचा. त्याचे किती भाग निघालेत ते निर्मात्यालाही आठवत नसेल. मला हे भागांचे पिक्चर झेपत नाहीत. पहिल्या भागात मेलेला व्हिलन तिसऱ्यात उठून बसतो, आणि लोक पुन्हा तिकीट काढतात.

मी तसं बोलून दाखवलं तर कौसाबाई म्हणाल्या, “त्यात काय हाय भाऊ? हे बी रोज मरत होते. आज या गावात मेले, उद्या दुसऱ्या गावात उभे.”

मी हात धुतले. मी कॉल क्लोज केला. ॲपमध्ये रिमार्कचे तयार पर्याय असतात, त्यातला ‘कस्टमर एज्युकेटेड’ मारला. म्हणजे गिऱ्हाइकाला वापर शिकवला. इथे शिकवलं कोणी कोणाला, ते जाऊ द्या.

पुढे दोन-तीनदा त्या रस्त्यानं गेलो तेव्हा मुद्दाम थांबलो. दारापासूनच राजाची गर्जना ऐकू यायची. कामावर निघालेल्या पोरी खिडकीशी थांबून “जी महाराज!” म्हणायच्या आणि पळायच्या.

थंडीत अपडेट आलं.

अपडेट म्हणजे कंपनी इंटरनेटवरून आपल्या टीव्हीच्या डोक्यात नवीन अक्कल भरते. आपल्याला विचारून नव्हे. तुम्ही पैसे देऊन घेतलेल्या वस्तूत दुसऱ्यानं येऊन सामान हलवावं, अशातला प्रकार. या वेळी जुना ऐकणारा काढून नवा ऐकणारा बसवला होता. जास्त स्मार्ट, असं मेलमध्ये लिहिलं होतं.

रितेशचा फोन आला. “भाऊ, बाबाचं बंद झालं.”

मी गेलो. वाटेत ऑटोवर भोंगा लावून पलीकडच्या गावातल्या नाटकाची जाहिरात फिरत होती. घरात टीव्ही चालू होता, अर्ध्या स्क्रीनवर कसल्याशा मसाल्याची जाहिरात. डोमाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

“बिघडला नाई जी,” कौसाबाई म्हणाल्या. “उलट हुशार झाला. पाहा. हॅलो टीव्ही, आवाज वाढव जो!”

आवाज वाढला. वडे नाहीत, काही नाही. त्यांचं बोलणं त्याला जसंच्या तसं कळलं होतं. मी थक्क झालो.

“मग अडचण काय?”

त्यांनी खाटेकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “हॅलो टीव्ही. कोण आहे रे तिकडे?”

टीव्हीतून एका बाईचा गोड आवाज आला. “इथे दुसरं कोणीही नाही. फक्त मी आहे. मी तुमची काय मदत करू?”

डोमाजी हलले नाहीत.

“पयल्यांदा असं बोलला तवा यायले वाटलं, चुकलं आपलं,” कौसाबाई म्हणाल्या. “पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच, कोनी नाई, कोनी नाई. दिवसभर म्हनत राह्यले. मी घरी नवती. शेजारीन सांगे.”

मी फोनवरून रितेशला टीव्हीचं ॲप उघडायला लावलं. शॉर्टकटचं पानच गायब. सेटिंग्ज धुंडाळल्या, टीव्ही बंद करून चालू केला, रितेशला पुन्हा लॉगिन करायला लावलं. मग नागपूरला फोन.

“ते फीचर डिसकंटिन्यू झालं, शेख.”

“जुनं व्हर्जन परत टाकता येईल?”

“नाही. आणि कशाला? नवीन तर सगळ्या बोली समजतं. तुझ्याच भागातून मागणी होती ना?”

“सर, या माणसाला बोली येत नाही. त्याला फक्त नाटक येतं.”

साहेब वाईट माणूस नाही. “टीव्ही ऐकतो ना?” तो जरा नरमाईनं म्हणाला.

“ऐकतो.”

“मग काय करायचं ते तुला माहीत आहे.”

मी बॅगेतून मोठ्या बटणांचा एक रिमोट आणला होता, बाजारात मिळतो तसला. डोमाजींच्या डाव्या हातात ठेवला. त्यांनी बोटं मिटली नाहीत. तो गादीवर घसरला, मी उचलून उशाशी ठेवला.

“राहू द्या,” कौसाबाई मला ओसरीपर्यंत सोडायला आल्या. “टीव्हीचं काई नाई भाऊ. नाई पाह्यला तं नाई पाह्यला. पन हे ‘कोण आहे रे तिकडे’ म्हनत होते ना, मी चुलीपाशून ‘जी महाराज’ म्हनत होती. तेवढंच आमचं बोलनं होतं.” त्यांनी पदरानं नाक पुसलं. “आता याले सारं आइकू येते. आता हेच बोलत नाईत.”

बाहेर येऊन मी बाइकवर बसलो आणि ॲप उघडलं. दोष शोधला, सापडला नाही. नो फॉल्ट फाउंड मारलं. ॲपनं हिरवी टिक दाखवली आणि पुढच्या कॉलचा पत्ता दिला.

त्यानंतर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एक सल्ला देतो, फुकटचा. घरातलं यंत्र तुमच्या मनासारखं चालत असेल तर अपडेटला ‘आता नको’ म्हणा. लोक विचारतात, ते बटण कुठे असतं? मी सांगतो, या टीव्हीत ते दिलेलं नाही.