कुत्र्याची मालिश आणि काकूंचा खांदा

मी माणसांची फिजिओथेरपिस्ट. राहते पोलादपूरला, दवाखाना महाडला. माझ्याकडे येणारे बहुतेक जण एमआयडीसीतले, ड्रम उचलून कंबर धरलेले नाहीतर ड्युटीवर जाताना बाइकवरून पडलेले. त्यामुळे गावातल्या गुरांच्या डॉक्टरांनी फोन करून "एक कुत्रा पाठवतोय, बघा जरा," असं म्हटलं तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग वैताग.

"मला जनावरांतलं काही कळत नाही," मी म्हटलं.

"हाड मोडलेलं नाही, मी एक्स-रे काढलाय. मागच्या पायांचे स्नायू आखडलेत, बारीक व्हायला लागलेत. औषध चालू आहे. मालिश कशी करायची तेवढं घरच्यांना दाखवा. मी येऊन उभा राहतो."

ते आले, आणि त्यांच्या मागोमाग नाते गावचे एक काका आले. बरीच भातशेती असलेले, भारदस्त गृहस्थ. त्यांचा आवडता तांबडा कुत्रा एका बाइकखाली आला होता. कुत्र्याच्या पोटाखालून जुन्या लुगड्याचा पट्टा घालून त्याचा मागचा भार उचलत काकू येत होत्या. काका पुढे, मोकळ्या हातांनी.

"याला करंट द्या मॅडम," काका बसता बसता म्हणाले. "आमच्या शेजारच्याच्या कमरेला दिला होता तसा."

करंट नाही, मालिश, हे पटवण्यातच बराच वेळ गेला. मग मी सतरंजी अंथरली. आधी हात चोळून गरम करायचे. कुत्र्याला हुंगू द्यायचं. मानेपासून शेपटीपर्यंत सपाट तळवा सावकाश फिरवायचा, पण मणक्यावर दाब द्यायचा नाही. मांडीवर बोटांनी हलकेच गोल गोल. मग पाय दुमडायचा, सरळ करायचा. तो ओठ चाटायला लागला, अंग ताठ केलं किंवा वळून तुमच्या हाताकडे बघायला लागला की थांबायचं. गुरांचे डॉक्टर मान डोलावत होते.

काकांनी करून बघितलं. म्हैस घासावी तसं घासलं. कुत्रा गुरगुरला.

"राग आला त्याला," काका म्हणाले.

"राग नाही काका, दुखतंय त्याला."

मग काकू बसल्या. त्यांनी हात ठेवला आणि कुत्र्याने हनुवटी जमिनीला टेकून मोठा सुस्कारा सोडला. पण त्या सगळं डाव्या हाताने करत होत्या.

"दोन्ही हात वापरा ना काकू."

"उजवा वर जात नाय गो," त्या सहज म्हणाल्या.

मी उठले, त्यांचा दंड धरून हळूच वर करून पाहिला. खांद्याच्या खालीच हात अडकला. पुरता जखडलेला खांदा. किती दिवस झाले, तर म्हणे बरेच. अंबाडा घालता येत नाही, जाऊ घालून देते. चोळीत हात घालताना जीव जातो.

"काका, यांना उद्यापासून आणा माझ्याकडे. हे सुटायला वेळ लागतो, जितका उशीर कराल तितकं अवघड."

"आणू की," काका म्हणाले. "आधी याचं होऊ दे."

त्या वाक्याने माझं डोकं जे फिरलं ते पुढे फिरतच राहिलं. दर आठवड्याला ती तिघं येत. दर आठवड्याला मी काकूंच्या खांद्याचा विषय काढी. काका म्हणत, "हो हो, बघू." काकू म्हणत, "माझं काय नाय गो, याचं बघ." मी त्यांना भिंतीवर बोटांनी चढत जायचा व्यायाम दाखवला. पुढच्या खेपेला विचारलं, केलात का? नाही.

"भिंतीला बोटं लावून उभी राहिले तर घरात सगळे विचारतील, काय झालं म्हणून."

"मग सांगायचं!"

त्या नुसत्या हसल्या.

कुत्रा मात्र सुधारत होता. आधी शेपूट हलायला लागली. मग पट्ट्याशिवाय उभा राहिला. मांड्या भरल्या. एके दिवशी दवाखान्याची पायरी तो आपला आपण चढला, आणि काकांनी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून मुंबईच्या मुलांना पाठवला. रोज सकाळ-संध्याकाळ एका हाताने मालिश करणारी बाई त्या व्हिडिओत कुठेच नव्हती. कुत्रा बरा झाला आणि येणं थांबलं.

मग एका दुपारी दारात रिक्षा थांबली. आधी कुत्रा टुणकन उतरला, मागून काकू. एकट्याच.

"काय झालं याला?"

"काय नाय. परत लंगडतोय असं घरी सांगितलंय." आणि त्या टेबलावर जाऊन बसल्या. "बघ आता माझा हात."

मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका संताप आला की शेकाची पिशवी शोधताना मी दोन खण धाडधाड लावले. बाईला स्वतःचा खांदा दाखवायला लंगडा कुत्रा लागतो! पण शेक दिला, सांधा सैल करायला घेतला. कळ आली की त्या डोळे मिटत, पण हू का चू करत नसत. कुत्रा टेबलाखाली झोपला. शेवटी त्याच्याही पाठीवरून हात फिरवला, अगदीच सगळं खोटं नको म्हणून.

असं चालू झालं. काकू बोलायला लागल्या. जावेच्या नकला करत. येताना बाजारात भजी खाल्ली, अर्धी याला घातली, असं सांगत. घरी कुत्र्याला मालिश करताना आता उजवा हातही लावतात, तेही सांगितलं. हात कानापर्यंत जायला लागला होता.

आणि एका खेपेला कुत्र्याबरोबर काकाच उतरले.

"काल हात दुखतो म्हणाली. म्हटलं, तिला कशाला ताप? मीच घेऊन आलो याला."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. खरंच काळजीने आले होते. तेच मला सहन होईना.

"काका, कुत्रा ठणठणीत आहे. काकूंना आणायचं होतं. उपचार त्यांचे चाललेत."

ते कुत्र्याकडे बघू लागले. कुत्र्याने शेपूट हलवली.

"मग तिनं खोटं कशाला सांगितलं? मी काय नाय म्हटलं असतं?"

"'नाही' असं नाही म्हणालात. 'आधी याचं होऊ दे' म्हणालात."

ते उठले आणि कुत्र्याला घेऊन निघून गेले.

पुढच्या वेळी काका स्वतः गाडीतून काकूंना घेऊन आले आणि खुर्ची ओढून टेबलाशीच बसले. "किती वर गेला? मागच्या टायमाला किती गेला होता? जोर करायला सांगा तिला." काकू भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. नकला नाहीत, भजी नाहीत. फोन घ्यायला ते बाहेर गेले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "कशाला सांगितलंस गो? माझं चांगलं चाललं होतं."

"असं खोटं सांगून किती दिवस येणार होतात?"

"हात बरा होईस्तवर."

मी त्यांचा हात पुन्हा वर न्यायला घेतला.

अंबाडा त्यांचा त्यांना घालता येऊ लागला आणि "झालं की आता," म्हणून त्यांनी येणं बंद केलं. वरच्या फळीवरचा डबा अजून निघत नव्हता. पाठीमागे हात जात नव्हता. अजून थोडे दिवस आल्या असत्या तर तेवढंही सुटलं असतं. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा काकांनी उचलला, आणि मी काही विचारायच्या आत कुत्रा किती छान पळतोय ते सांगितलं.