हत्तींचा श्लोक

करवीर क्षेत्री जन्म देऊन जिने या देहाला सत्तर वर्षांहून अधिक काळ आपल्या सावलीत वाढवले, तिच्या चरणांवर प्रथम मस्तक ठेवतो. काल ललितापंचमी झाली. देवीची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाऊन आली, कोहळा फुटला, आणि त्याच सकाळी आमच्या देवघरात जे घडले ते लिहून ठेवल्याखेरीज मला स्वस्थता लाभणार नाही. लिहिताना काही ठिकाणी माझ्या शब्दांत तुच्छता उतरेल. ती मी पुसणार नाही. देवीसमोर बसूनच लिहितो आहे. माझ्या मनातले तिला तसेही ठाऊक आहे.

आमच्या आजोबांनी देवीवर बावन्न श्लोकांचे एक संस्कृत स्तोत्र रचले. ते त्यांनी कागदावर उतरवले नाही आणि कोणाला उतरवू दिले नाही. पाठ देण्याची आमची रीत संथेची. शिकवणारा एक चरण एकदा म्हणतो, शिकणारा तोच चरण दोनदा म्हणतो, आणि मगच पुढचा. अशा रीतीने ते स्तोत्र आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्याकडे आले. दर ललितापंचमीला सकाळी ते देवापुढे म्हणायचे आणि प्रत्येक श्लोकाला एक फूल वाहायचे, हा घराचा कुळाचार. फुले आदल्या दिवशी माझी पत्नी मोजून ठेवते.

गेल्या चैत्रात माझ्या मेंदूतील एका बारीक रक्तवाहिनीने दगा दिला. तीन दिवस मी पाणी मागायला तोंड उघडी आणि बाहेर ‘दार’ हा शब्द पडे. पुढे शब्द परतले, डॉक्टरांनी पाठ थोपटली, घरात साखर वाटली गेली. मला मात्र एक गोष्ट लख्ख कळली होती. त्या स्तोत्राला राहायला या जगात एकच जागा होती, माझे डोके, आणि ते छप्पर आता गळू लागले होते. मुलगा इचलकरंजीला यंत्रमागांच्या कारखान्यात देखरेखीला असतो; पाळ्यांच्या नोकरीत त्याची संथा बाराव्या श्लोकापाशी थांबली ती थांबलीच. उरली नात. एकोणीस वर्षांची, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, आवाज स्वच्छ आणि उच्चार मोकळा. मुलीला संथा कशाला, असे एका आप्ताने विचारले. स्तोत्र देवीचे आहे, एवढेच उत्तर मी दिले.

वैशाखात आम्ही बसलो. दुसऱ्याच दिवशी मला कळले की माझ्यासमोर एक मुलगी बसलेली नाही; मुलगी आणि तिचा मोबाईल असे दोघे बसले आहेत, आणि त्या दोघांत वडीलपण मोबाईलकडे आहे. तो गुरगुरला की हिने पाहायचे. दोन चरण झाले की हिचा हात आपोआप तिकडे सरके, जसे झोपेत तान्ह्या मुलाचे तोंड अंगठ्याकडे सरकते. मी रागावलो नाही. थांबत असे. ती पाही, हसे, “सॉरी आजोबा, बोला की,” म्हणे, आणि मागचे दोन चरण वाऱ्यावर गेलेले असत.

कोणतीही गोष्ट करायची म्हटली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: “किती वेळाचं आहे?” कीर्तन असो, आमटीला उकळी आणणे असो, की कागलला आजारी आत्याला भेटायला जाणे असो. गोष्ट कशाविषयी आहे हे नंतर. मतांचेही तसेच. एका सोमवारी तिने चहात दूध घेणे सोडले, कारण मोबाईलमधल्या कोणीतरी सांगितले की दूध म्हणजे विष. गुरुवारी ती पेलाभर दूध पिताना दिसली.

“अगं, सोमवारी तर ते विष होतं.”

“तो दुसरा होता, आजोबा. हा डॉक्टर आहे.”

“कशावरून?”

“पांढरा कोट होता की अंगात!”

मी आयुष्यभर न्याय शिकवला. प्रमाण म्हणजे काय, कोणाचे वचन ग्राह्य धरावे, यावर पाठशाळेत पूर्वी महिनेच्या महिने वाद चालत. माझ्याच रक्ताच्या नातीला आप्तवचनाची कसोटी म्हणून एक कोट पुरत होता. तो कोट घालणाऱ्या सोंगाड्यांविषयी आणि त्यांची दुकाने मांडून देणाऱ्यांविषयी मला जे वाटते, त्याला तिरस्कार हा शब्दही सभ्य आहे. मी एका शास्त्रात चाळीस वर्षे घालवली. या मंडळींनी पोरांच्या अंगठ्याचा त्याहून बारकाईने अभ्यास केला आहे. तो कुठे थबकतो, कुठे घसरतो, कशाने परत येतो, याखेरीज माणसाविषयी त्यांना दुसरे काही जाणायचे नाही. गोठ्यातल्या जनावराकडेसुद्धा आमच्याकडे याहून अधिक आदराने पाहतात.

आषाढापर्यंत नऊ श्लोक झाले होते. एके दुपारी ती माझ्यापुढे मोबाईल ठेवून म्हणाली, “आजोबा, तुम्ही एकदा सलग म्हणून टाका. मी रेकॉर्ड करते. मग कधीही ऐकता येईल, हरवायचं नावच नाही.”

आजोबांची आज्ञा मला आठवली. तिच्यात कागदाचा उल्लेख होता, यंत्राचा नव्हता, अशी पळवाट मी काढली. थकलो होतो हे खरे. पण सोपे ते मलाही हवे होते, हे अधिक खरे. मी म्हटले. तिने बोटाने काहीतरी दाबले आणि हात झटकले. “झालं! आता सेव्ह आहे.” त्या दिवसापासून संथा बंद पडली. जे जपून ठेवले आहे ते शिकायचे कशाला?

श्रावणात मी विचारले, “काय गं, येतं का स्तोत्र?”

“येतं की. बसमध्ये ऐकते मी. दुप्पट स्पीडला ठेवलं की दहा मिनिटांत होतं.”

“मग म्हण पाहू चौदावा.”

ती गोंधळली. “असं नाही. तुम्ही सुरू करा, मी ओळखते.”

आणि खरोखर तिने ओळखला. मी पहिला शब्द उच्चारला की शेवटचा ती माझ्याबरोबर म्हणे, मान डोलावे, आणि आपल्याला येते अशी तिची प्रामाणिक समजूत होई. रस्त्यात माणूस ओळखणे आणि त्याला घरी पोसणे यात जे अंतर आहे ते या पिढीच्या ध्यानातून कोणीतरी पद्धतशीर पुसून टाकले आहे. सगळे त्यांच्या ओळखीचे आहे. त्यांच्यापाशी मात्र काही नाही.

भाद्रपदात शेजारचे गुळाचे व्यापारी पेढ्यांचा पुडा घेऊन आले. कुटुंब लिंगायत, तीन पिढ्यांचा शेजार, मनाने निर्मळ. आवाज मात्र बाजारात लिलाव पुकारताना असतो तोच घरातही.

“गुरुजी, तोंड गोड करा! तुमी तर फेमस झालासा!”

“मी? कशाने?”

“आता बगा! माझा भाचा बेळगावला हाय, त्यानं मला धाडलं. तुमचाच आवाज हाय न्हवं ह्यो? अंगावर काटा आला की ओ!”

त्यांनी दाखवले. नातीने त्या रेकॉर्डिंगमधून माझा एक श्लोक कापून लोकांपुढे टाकला होता. खाली ढोल, वर विजा, मध्ये लाल डोळ्यांची एक सिंहीण, आणि त्या गदारोळात माझा म्हातारा स्वर. हजारोंनी पाहिले होते आणि शेकडोंनी जोडलेल्या हातांची चित्रे पाठवली होती.

“श्लोकात काय म्हटलंय, कळलं का?” मी विचारले.

“ते न्हाय कळलं. पर काटा आला न्हवं? झालं की!”

तो श्लोक असा आहे की पूर्वार्धात भक्त आपले पाच अपराध आईपुढे कबूल करतो आणि उत्तरार्धात म्हणतो, तरीही मला मांडीवर घे. नातीने तो पूर्वार्धापाशीच तोडला होता. म्हणजे बेळगावपर्यंतच्या भाविकांनी माझे पाच अपराध ढोलाच्या तालावर ऐकले, हात जोडले, आणि क्षमेची वेळ येण्याआधीच ते पुढच्या विनोदाकडे गेले.

संध्याकाळी तिला विचारले, “अर्ध्यावर का तोडलास?”

ती अगदी सहज म्हणाली, “त्याच्यापुढं कुणी बघत नाही, आजोबा.”

त्या वाक्यात ना खेद होता ना उद्धटपणा. पाऊस पडतो असे म्हणावे तसे ती म्हणाली. मला तिच्यावर राग आला नाही. जिथे क्षमा मागण्याइतकेही कोणी थांबत नाही त्या बाजाराची किळस आली, आणि मी स्वतः तिथे जाऊन बसलो याची लाज वाटली.

काल सकाळी देवघरात दहा-बारा आप्त जमले होते. मुलगा पाळी बदलून आला होता. मी आसनावर बसलो आणि एका श्वासाच्या लयीत स्तोत्र म्हटले. कुठे अडखळलो नाही. सर्वांनी नमस्कार केला. मी तबकाकडे पाहिले तर त्यात शेवंतीचे एक फूल उरले होते.

“एक जास्त ठेवलंस का?” मी पत्नीला विचारले.

“अठ्ठेचाळीस वर्षं मोजतेय,” ती म्हणाली. “बावन्नच आहेत.”

एक श्लोक माझ्या डोक्यातून गळला होता, आणि कोणता तो मला ठाऊक नव्हता. गळलेल्या जागेवर भोकसुद्धा उरले नव्हते. आजूबाजूचे श्लोक एकमेकांना चिकटून गुळगुळीत झाले होते.

नातीने लगबगीने मोबाईल काढला. “थांबा, माझ्याकडे आहे सगळं.” घाईत तिचा तो नेहमीचा दुप्पट वेग तसाच राहिला आणि देवीसमोर माझा आवाज खारीसारखा चिरकू लागला. एका पुतण्याचा मुलगा फिसकन हसला. तिने ओशाळून वेग नीट केला आणि बोटे मोजत बसली. जे स्तोत्र तिला पूर्णपणे येत होते ते ती अशा रीतीने आयुष्यात प्रथमच आरंभापासून अंतापर्यंत लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी तिने मान वर केली.

“आजोबा, यात पण एक्कावन्नच.”

असणारच. आषाढात मी म्हटले तेव्हाच तो श्लोक गेलेला होता. यंत्राने माझे विस्मरण इमानेइतबारे जपून ठेवले होते आणि आम्ही दोघे ‘सेव्ह आहे’ म्हणून निश्चिंत होतो. आपल्यात काय नाही हे त्या पेटीला कळत नाही. बेळगावच्या हजारोंनाही कळले नसते.

तिने मोबाईल खाली ठेवला. कपाळाला आठ्या घालून ती तबकातल्या त्या फुलाकडे पाहत राहिली आणि हलकेच म्हणाली, “पण आजोबा, हत्ती कुठं गेले?”

“कोणते हत्ती?”

“पाणी घालणारे.” एवढे बोलून तिने उजवा हात सोंडेसारखा वर उचलला. हात वर गेला आणि त्यामागोमाग तिच्या तोंडून श्लोक आला: सोंडेत कलश धरलेले दोन हत्ती देवीला स्नान घालतात तो, चारही चरणांनिशी. आणि ‘र’च्या जागी ‘ल’. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती बोले तसा.

तेव्हा मला आठवले. ती लहान असताना दिवेलागणीला माझ्या मांडीवर बसे आणि मी तिला हे स्तोत्र म्हणून दाखवी. हत्तींचा श्लोक आला की ती सोंड उंच करी आणि माझ्या टकलावर खोटे पाणी ओती. शिकवायचे असे माझ्या मनातही नव्हते. मग ती सहा वर्षांची असताना घरात मोबाईलचा पडदा आला. जेवत नाही म्हणून तिच्यापुढे धरला गेला, आणि मला निवांत वामकुक्षी मिळते म्हणून मी तो धरू दिला. मांडी रिकामी झाली. या लेखात मी ज्यांना तुच्छ लेखले त्यांच्या पंगतीत त्या दुपारपुरता मीही बसलो होतो. आई, हा माझा सहावा अपराध लिहून घे.

“पुन्हा म्हण,” मी म्हणालो. “एकेक चरण.”

तिने पहिला चरण एकदा म्हटला. मी तो दोनदा म्हटला. तिने दुसरा म्हटला, मी दोनदा म्हटला. नातीकडून संथा घेताना मला ‘र’ सुधारून घ्यावा लागला, एवढेच. चौथा चरण झाला आणि तिने ते उरलेले फूल माझ्या हातात दिले.

तेवढ्यात तो हसणारा पोरगा मोबाईल रोखून पुढे सरसावला. “ताई, पुन्हा एकदा कर की, हात वर करून! घेतो. लई चालेल हे!” तिने त्याच्याकडे ज्या तुच्छतेने पाहिले ती मी मघापासून लिहूनही शब्दांत उतरवू शकलेलो नाही.

दुपारी तिने मला विचारले, “उद्यापासून कितीला बसायचं?” किती वेळाचं आहे, हे विचारले नाही. आज पहाटे आम्ही बसलो, दहाव्या श्लोकापासून. मोबाईल तिने स्वतः तांदळाच्या डब्यात ठेवला. मध्येच तो आत घुरघुरला तेव्हा तिचा हात हलला, हे मी पाहिले. पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, “वाजू दे. तांदूळ काही उचलत नाहीत.” हात परत मांडीवर आला. चार चरण झाले. अजून बेचाळीस श्लोक आहेत आणि माझे छप्पर गळतेच आहे. कोण आधी पोहोचते ते आई जाणे.

वाचकहो, तुमच्या घरातही एखादी मांडी रिकामी असेल तर ती भरो. तुमच्या लेकरांच्या तोंडी जे पडेल ते अर्ध्यावर न तुटो, आणि तुमच्या उंबऱ्याच्या आत क्षमेपर्यंत थांबायला सर्वांना सवड मिळो. त्या दोन हत्तींच्या कलशांतले पाणी तुमच्या कुटुंबावर अखंड पडत राहो.